मोर्चाची दुसरी तारीख

२०२४ सालची राखी १९ ऑगस्टला, सोमवारी आली होती. शनिवार-रविवार जोडून मी पुण्याहून गावी आलो होतो आणि मंगळवारी घरूनच काम करणार होतो. गाव साखरखेर्डा, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलडाणा. तालुक्याचं नाव घेतलं की लोक म्हणतात, 'अरे, जिजाऊंचं माहेर!' हो, तेच. मंगळवारी सकाळी समोर लॅपटॉपवर मीटिंग चालू होती आणि बाजूला फोनवर बदलापूर स्टेशन. शाळेत चार-चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला होता, तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना पोलीस ठाण्यात जवळपास बारा तास ताटकळावं लागलं होतं, आणि आता लोक रुळांवर उतरले होते. दिवसभर लोकल बंद. घोषणा एकच, फाशी द्या. मनगटावर कालची राखी तशीच होती. दुपारी मी स्टेटस टाकलं, काळ्या पार्श्वभूमीवर फाशीचा दोर. खाली लिहिलं, 'उद्या तुमच्या गावात होईल, तेव्हा जागे व्हाल का?'

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

त्या आठवड्यात राज्यभर निवेदनं दिली गेली. आमच्या पोरांनीही दिलं, मसुदा मी फोनवर टाइप केला. मागण्या पाच होत्या: नराधमाला फाशी, खटला जलदगती न्यायालयात, दोषींवर कठोर कारवाई, शाळांत सीसीटीव्ही, मुलींच्या सुरक्षेसाठी कडक उपाययोजना. खाली 'अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल'. निवेदन देताना फोटो निघाला, आवक-जावकचा शिक्का मारलेली पोच मिळाली. तिची पीडीएफ अजून माझ्या फोनमध्ये आहे. तीव्र आंदोलन काही छेडलं नाही. मी रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला परत आलो.

तीन आठवड्यांनी मायचा फोन आला. मावशीच्या पोरीचं कॉलेज बंद केलं. मावशीचं गाव साखरखेर्ड्यापासून चार-साडेचार किलोमीटर, फाट्यावरून आत. मावसबहीण बारावी सायन्सला, रोज ये-जा करायची. संध्याकाळची बस आली तर आली, नाही तर काळीपिवळी, नाही तर पायी. मी काकांना फोन लावला. काका म्हणाले, 'बदलापुरात शाळेत झालं ना रे? भर शाळेत! हा तं आडरस्ता हाये. आन तूच तं टाकलं होतं स्टेटसले, उद्या तुमच्या गावात होईल म्हणून.'

बारावी आता १७ नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. प्रॅक्टिकलचं जमणार नाही म्हणून सायन्स सुटलं, आर्ट्स घेतलं. डीफार्मसीला जायचं होतं तिला.

पुढे २३ सप्टेंबरला बदलापूरचा आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. 'बदला पुरा' असे फलक मुंबईत लागले, कुठे पेढे वाटले गेले. मी काकांना म्हणालो, झालं ना आता, आता तरी पाठवा पोरीला. काका जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'तो मेला रे. रस्ता तं तोच हाये.'

माझं जे काही म्हणणं आहे ते या वाक्यातून निघालेलं आहे. आपल्याकडे मोर्चा निघतो, मोठा निघतो, मनापासून निघतो. पण त्याची मागणी एका माणसाच्या गळ्यापाशी येऊन थांबते. रस्ता, बस, दिवा, ठाण्यातला अंमलदार, शाळेतली समिती हे सगळं 'कडक उपाययोजना' या दोन शब्दांत कोंबून पाचव्या क्रमांकावर टाकलं जातं. आणि एवढा मोठा राग आलेला असताना पोरी घरी बसतात. राग आपला, शिक्षा तिला.

फाशीची मागणी सरकारला आवडते, कारण ती सगळ्यात स्वस्त आहे. तिला बजेट लागत नाही, भरती लागत नाही, आगारात ड्रायव्हर लागत नाही. हिंगणघाटचं उदाहरण घ्या. ३ फेब्रुवारी २०२० ला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. आठवड्याने ती गेली. अख्खा विदर्भ रस्त्यावर आला. तेव्हाचे गृहमंत्री आंध्रात जाऊन तिथल्या 'दिशा' कायद्याचा अभ्यास करून आले, त्यातून आपलं 'शक्ती' विधेयक आलं. ३० दिवसांत तपास, मृत्युदंड, सगळं त्यात होतं. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, बाकं वाजली. मग ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि कायदा काही झालाच नाही. गंमत म्हणजे ज्याची नक्कल केली त्या 'दिशा'लाही तेव्हा संमती मिळालेली नव्हती. शक्तीसाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी नंतर विचारलं, ते विधेयक कुठे अडकलंय म्हणून? मी नाही विचारलं.

उलट बाजूचं उदाहरण माझ्याच धंद्यातलं आहे. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीला कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने वाटेत बलात्कार करून मारलं. त्याआधी २००५ मध्ये बंगळूरला असंच घडलं होतं. पुण्याच्या खटल्यात फाशी झाली, उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, दयेचा अर्ज फेटाळला गेला, २४ जून २०१९ ही तारीखही ठरली. आणि जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला झालेल्या उशिरामुळे ती रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. म्हणजे बारा वर्षं वाट बघून फाशी मिळालीच नाही. पण त्याच काळात आयटी कंपन्यांच्या कॅबमध्ये एक साधा नियम हळूहळू रुजला: रात्री शेवटचा ड्रॉप एकट्या मुलीचा ठेवायचा नाही, ठेवावा लागला तर सोबत सुरक्षारक्षक. आमच्या कंपनीच्या कॅबच्या ॲपमध्ये तसा रूट तयारच होत नाही, सिस्टीम नाकारते. माझ्या टीममधल्या मुलींना २००७ ची ती घटना माहीतही नाही. त्या रोज रात्री त्या नियमाने घरी जातात.

नियम रुजण्याचं कारण कंपन्यांचं मन द्रवलं हे नव्हे. ग्राहक कंपन्यांना उत्तर द्यावं लागत होतं, मुली नोकऱ्या सोडतील अशी भीती होती. आणि मुख्य म्हणजे नियम तपासता येण्यासारखा होता. काल रात्री शेवटचा ड्रॉप कुणाचा होता? उत्तर हो किंवा नाही. 'कडक उपाययोजना' अशी तपासता येत नाही, म्हणून ती लिहून घ्यायला कुठल्याच साहेबाची हरकत नसते.

आमच्याकडे रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की आरडाओरड होते. ती व्हायलाच हवी, नाहीतर कुणी उठत नाही. पण दुसऱ्या दिवशी बसून लिहायचं असतं: काय मोडलं, कशामुळे, कोण दुरुस्त करणार, कधीपर्यंत. 'कोण' आणि 'कधीपर्यंत' हे दोन रकाने रिकामे राहिले तर तोच सर्व्हर त्याच कारणाने पुन्हा पडतो, हे ज्युनियर पोरालाही पहिल्या वर्षात कळतं. आमच्या निवेदनात हे दोन्ही रकाने नव्हते. इंजिनिअरने टाइप केलेलं निवेदन, तरी नव्हते.

मोर्चे काढू नका असं मी म्हणत नाही. बदलापूरच्या लोकांनी रूळ अडवले नसते तर विशेष तपास पथक त्या दिवशी नेमलं गेलं नसतं आणि दोन दिवसांत उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली नसती. लोक रस्त्यावर उतरल्याशिवाय यंत्रणा हलतच नाही का, हा सवाल न्यायालयानेच केला होता. त्या आंदोलकांपैकी शेकडो जणांवर गुन्हे दाखल झाले, त्यांनी किंमत मोजली. माझा राग मोर्चावर नाही, मोर्चानंतरच्या सोमवारवर आहे.

कारण बदलापूरला जे घडलं ते कायदा नव्हता म्हणून घडलं नाही. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत लोक थंडीत उभे राहिले, त्यानंतर न्या. जगदीश शरण वर्मा समिती बसली. तिच्याकडे सुमारे ८० हजार सूचना आल्या, तिने २९ दिवसांत अहवाल दिला. (या समितीने बलात्कारासाठी फाशी सुचवलीच नव्हती, हे फाशीचे स्टेटस टाकणाऱ्या आम्हाला कुणी सांगितलं नाही.) त्यातून २०१३ चा कायदा आला आणि त्यात एक कलम होतं: बलात्काराची फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी. तेच आता भारतीय न्याय संहितेत कलम १९९ आहे. म्हणजे २०१३ पासून हत्यार आपल्या हातात होतं. शाळेत 'सखी सावित्री' समिती असावी असा राज्य सरकारचा निर्णय १० मार्च २०२२ चा आहे. बदलापूरच्या शाळेत ती नव्हती, हे अत्याचार झाल्यावर कळलं. अडीच वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या गावातल्या शाळेत आहे का? मी हे टाइप करत असताना माझ्या लक्षात येतंय की माझ्या जुन्या शाळेत आहे का हे मी २०२५ पर्यंत विचारलं नव्हतं.

आता कोपर्डीबद्दल बोलतो, आणि हे लिहिलं की गावाकडचे काही मित्र फोन करणार आहेत. करू देत.

२०१६ मध्ये मी औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. जुलैमध्ये कोपर्डीत त्या मुलीवर ते भयंकर झालं आणि ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला मराठा क्रांती मूक मोर्चा निघाला. मी त्यात होतो. पुढे मुली, मागे बायका, त्यामागे आम्ही. एक घोषणा नाही, एक काच फुटली नाही. मोर्चा पुढे गेला की पोरं मागून कचरा उचलत होती, मीही दोन पोती भरली. निवेदन मुलींनी दिलं. इतका मोठा, इतका शिस्तीचा जमाव मी परत पाहिला नाही आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पुढे राज्यभर असे पन्नासहून अधिक मोर्चे निघाले.

मागण्यांत कोपर्डी होती, आरक्षण होतं, ॲट्रॉसिटी कायद्यातला बदल होता. आरक्षणाच्या मागणीचं काय झालं बघा. २०१८ ला १६ टक्क्यांचा कायदा झाला, मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, लोक पुन्हा उठले, फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा झाला. अजून चालूच आहे. त्या मागणीला वकील होते, अभ्यासक होते, गावोगाव माणसं होती, प्रत्येक तारखेला कोर्टाबाहेर कुणीतरी उभं होतं. त्याच निवेदनातल्या कोपर्डीच्या मागणीला २९ नोव्हेंबर २०१७ ला अहमदनगरच्या न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली आणि आमच्यासाठी तो विषय तिथे संपला. मुलींनी वाचलेल्या निवेदनातली मुलींची मागणी पोरकी झाली. पाठपुरावा करता येत नाही असं नाही, आम्हाला उत्तम येतो. आम्ही निवडून करतो.

दुसरं. हॉस्टेलवरचा माझा रूममेट बौद्ध होता. मोर्चाहून आलो तेव्हा त्याने एवढंच विचारलं, 'खैरलांजीला तुमचं कुणी गेलं होतं का?' २००६ साली मी नऊ वर्षांचा. तो म्हणाला, 'तुझे बाबा?' खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले, मायलेकींची विटंबना झाली. त्या वेळी रस्त्यावर फक्त दलित वस्त्या होत्या आणि काठ्याही त्यांनीच खाल्ल्या. पुढे न्यायालयात तर तो गुन्हा जातीतून झाला हेही टिकलं नाही. मोर्चा निघणार की नाही, कोण काढणार, किती मोठा, हे आपल्याकडे बऱ्याचदा मुलीच्या आडनावावर ठरतं. असा मोर्चा टिकणारं काही देऊ शकत नाही, कारण त्याला बाई सुरक्षित नको असते, आपली बाई सुरक्षित हवी असते. आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणीची आकडेवारी दर वर्षी सांगते की बलात्काराच्या बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीतला असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. त्याच्याविरुद्ध कुणाचाच मोर्चा निघत नाही. तो आपल्यासोबत मोर्चात चालत असण्याचीही शक्यता असते.

विदर्भातलीच एक जुनी गोष्ट मात्र वेगळी आहे. २६ मार्च १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. मथुरा नावाने ओळखली जाणारी आदिवासी मुलगी, ठाण्यात पोलिसांनी केलेला अत्याचार. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे संमती. तेव्हा मोर्चा निघाला नव्हता. वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. पत्र फिरलं, १९८० च्या महिला दिनाला मुंबई-दिल्लीसह शहरांत बायका रस्त्यावर आल्या, मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला. खटला परत उघडला नाही. ते पोलीस सुटले ते सुटलेच. पण बायका घरी गेल्या नाहीत. विधी आयोगाकडे गेल्या, संसदेच्या मागे लागल्या, सभा घेत राहिल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीत बाईने 'संमती नव्हती' म्हटलं की न्यायालयाने ते धरून चालायचं, उलट सिद्ध करणं आरोपीवर. पीडितेची ओळख छापायला बंदीही तेव्हाचीच. पत्रापासून चार वर्षं लागली. व्हॉट्सॲप नव्हतं, सायक्लोस्टाइल होतं.

त्यांना शिक्षा मिळवता आली नाही, पण नियम बदलता आला. आम्हाला कोपर्डीत शिक्षा मिळाली आणि आडरस्ता तसाच राहिला.

बुलडाण्याचाच विषय निघाला तर ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेच्या एका विधवेला स्वतःच्या बाळाच्या हत्येसाठी फाशी सुनावली गेली, पुढे शिक्षा कमी झाली, आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चालचलनावर झोड उठली. आजच्या भाषेत, ट्रोलिंग. बुलडाण्यात बसून ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले, बाकीच्यांनी टीका केली, त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत पुस्तक विस्मरणात होतं. मी याच जिल्ह्यात दहावीपर्यंत शिकलो, जिजाऊ जयंतीला दरवर्षी सिंदखेडराजाला गेलो, आणि ताराबाईंचं नाव मला पुण्यात एका सहकारी मुलीकडून कळलं. बाईने लिहिलेलं टिकवायलाही मागे कुणीतरी लागावं लागतं.

मग करायचं काय, हा प्रश्न येतोच. मला सगळं कळतं असं नाही, पण आपल्याच राज्यात चालून दाखवलेली एक पद्धत आहे. उभी बाटली, आडवी बाटली. दारूमुळे घरात मार खाणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, दुकानं फोडली, केसेस अंगावर घेतल्या. पण २००८ च्या शासन आदेशाने त्यांच्या रागाला आकडा मिळाला: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या, मग मतदान, निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. अक्षर न लागणाऱ्या बाईलाही कळतं की अजून किती सह्या कमी आहेत. पद्धत परिपूर्ण नाही, सह्यांच्या पडताळणीत काय काय होतं ते अशा गावांतल्या बायकांना विचारा. चंद्रपूरची अख्ख्या जिल्ह्याची दारूबंदी २०१५ मध्ये मिळाली आणि २०२१ मध्ये उठलीही. मिळालेलं परत जातं. म्हणूनच मागे लागणं एकदाचं नसतं.

शेतातल्या बाईचं बघा. माझ्या कंपनीत अंतर्गत तक्रार समिती आहे, तिचं पोस्टर कॉफी मशीनवर आहे. २०१३ च्याच कायद्याने सोयाबीन सोंगणाऱ्या, निंदणाऱ्या, घरकाम करणाऱ्या बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती ठेवली आहे. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर तिथे जायचं. तालुक्याला एक समन्वय अधिकारीही नेमायचा आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे बातमी आली की ३० पैकी १६ राष्ट्रीय क्रीडा महासंघांत समितीच नाही. देशाच्या कुस्तीगीर मुलींची ही गत, तर फाट्यावरच्या मजूर बाईला तालुक्याचा अधिकारी कोण सांगणार? पण हा प्रश्न विचारायला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि माहिती अधिकाराचा एक कागद लागतो: समितीत कोण आहे, गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मोर्चाच्या बॅनरपेक्षा स्वस्त पडतं.

आणि सरकारला तारखेने काम जमत नाही, हे मला सांगू नका. लाडकी बहीण योजनेचे अर्ज २०२४ च्या जुलैत सुरू झाले आणि बदलापूरच्या त्या रेल रोकोच्या आधीच, ऑगस्टच्या मध्यात, लाखो बायकांच्या खात्यात तीन हजार रुपये पडले होते. यादी होती, तारीख होती, कुणाच्या खात्यात आले नाहीत याची नोंद होती. बदलापुरात बायकांनी याच पैशावरून फलक धरले होते, आम्हाला पैसे नकोत, सुरक्षा द्या. सुरक्षेची अशी यादी मागता येते. आम्ही ती मागितली नाही, फाशी मागितली.

स्वारगेटला २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे आगारात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांनी सुरक्षारक्षकांची केबिन फोडली, कॅमेऱ्यांसमोर. मी पुण्यातच होतो. पण तोवर मला एक वेगळी वही माहीत झाली होती.

त्याचं असं झालं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी मावशीला म्हणालो, आपण आगारात अर्ज देऊ. मावशी म्हणाली, 'अर्ज दिले ना रे गेल्या साली. पाहू म्हणे.' मग मावसबहिणीनेच काढलं की बस रोज किती वाजता येते ते लिहून ठेवू. तिचं स्वतःचं कॉलेज सुटलेलं, पण धाकटी नववीला होतीच. शंभर पानी वही. तारीख, बस किती वाजता आली, फाट्यावर किती पोरी थांबल्या, घरी कशा गेल्या. मावशी आणि अजून तीन पोरींच्या आया पाळीपाळीने लिहायच्या. एकीला लिहिता येत नाही, ती पोरीकडून लिहून घ्यायची. मी फक्त दर रविवारी फोटो मागवायचो, ते एक्सेलमध्ये टाकायचो आणि स्वतःला फार उपयोगी समजायचो.

जानेवारीत चौघी आगारात गेल्या. कोणतं आगार ते सांगत नाही, सगळीकडे तेच आहे. शाळेचे ३४ दिवस लिहिलेले होते, त्यातले ११ दिवस साडेपाचची बस आलीच नव्हती. नेहमीचं उत्तर मिळालं, ड्रायव्हर कमी आहेत, गाड्या कमी आहेत. ते खरंही असेल. एसटीच्या २०२१-२२ च्या संपात जवळपास सहा महिने गाड्या बंद होत्या, आमच्या भागातल्या कितीतरी पोरींची शाळा तेव्हाच सुटली आणि तो महिलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे असं एकाही वाहिनीला वाटलं नव्हतं. मावशीने फक्त विचारलं, 'मंग कवा येईन ते लिहून द्या.' साहेब हसले, पण वहीत ११ तारखा होत्या. त्यांनी अर्जाच्या पोचेवरच लिहून दिलं, ३ फेब्रुवारीपर्यंत कळवतो.

आमच्या ऑगस्टच्या निवेदनावरही शिक्का होता. त्यावर पुढची तारीख नव्हती, कारण आम्ही मागितली नव्हती. आणि समजा असती, तर त्या तारखेला तिथे कोण गेलं असतं? मी पुण्यात. मसुद्यावर सह्या करणारे बाकीचे सहाजण, दोन संभाजीनगरला, एक पोलीस भरतीच्या तयारीत, बाकीचे निवडणुकीच्या गडबडीत. चौघी आया ३ फेब्रुवारीला गेल्या. मजुरी बुडवून गेल्या. फेब्रुवारीच्या मध्यापासून बस वेळेवर येऊ लागली. तोवर मावसबहिणीची बारावीची परीक्षा सुरू झाली होती, आर्ट्सची, बाहेरून.

ती पास झाली. डीफार्मसीला सायन्स लागतं. मी विचारलं, परत बारावी सायन्सने करतेस का? म्हणाली, 'बाबा ऐकत नाही अजून. पण आता बस हाये म्हणून त्याईच्याजवळ बोलायचं कारण कमी पडते.' तिच्याशी बोलताना मला माझं ते स्टेटस आठवतं. तिने ते पाहिलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यावर तिने तेव्हा बदाम पाठवला होता.

उन्हाळ्याच्या सुटीनंतर बस पुन्हा विस्कळीत झाली. मला वाटलं, गेलं सगळं. चौघींना तसं वाटलं नाही, त्यांनी दुसरी वही काढली. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे आता त्यांना कळलं आहे. फाट्यावरच्या दिव्याचा विषय त्यांनी तिथे मांडला आणि तो इतिवृत्तात लिहिला का, हे सभा संपल्यावर वाचून घेतलं. दिवा अजून लागलेला नाही.

गेल्या सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसच्या कॅबमध्ये होतो, मावसबहिणीचा मेसेज आला, 'आज साडेपाचची आली नाही.' मी लिहिलं, 'मग?' बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, 'मायनं वहीत टाकलं. धाकटीले आणाले मी गेलती फाट्यावर. गुरुवारी चाललो आम्ही आगारात, तिथली तारीख हाये.'